कात्रीबाईचा चिखल

"ठरलं! रविवारी सकाळी आठला धूरवाला येणार!" असं म्हणून काकांनी जेवणाच्या टेबलावर दाणकन हात आपटला. हाताखाली एक डास होता. तो सुखरूप निसटला आणि जाता जाता काकांच्याच कानाच्या पाळीला चावून गेला.

गोटी फिस्सकन हसला. ठिणगीने टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढला, कारण काका चिडलेले असताना कुणी हसलं की सगळ्यांचंच आईस्क्रीम बंद व्हायचं.

ठिणगी बारा वर्षांची आणि गोटी तिचा धाकटा भाऊ. दोघं दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आबांकडे, म्हणजे आजोबांकडे यायची. त्या घरात आबा, काका, काकू आणि काकांचा मुलगा मास्तर राहायचे. मास्तर काही खरा मास्तर नव्हता, ठिणगीपेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. पण कुणी काही बोललं की आधी त्यातली चूक काढायची आणि मग उत्तर द्यायचं, अशी त्याची सवय. त्यावरून हे नाव पडलं. ठिणगीचं नाव कशावरून पडलं, हे तिच्या तोंडावर सांगायची अजून कुणाची हिंमत झाली नव्हती.

डासांनी त्या वर्षी अगदी उच्छाद मांडला होता. आता उन्हाळा म्हटला की चिलटं, मुंग्या, दिव्याभोवती पिंगा घालणारे किडे हे सगळं आलंच. त्याची कुणी तक्रार करत नसे. पण डास म्हणजे कहर! दिवस मावळला की परसातून झुंडीच्या झुंडी आत शिरायच्या. काकूंनी अंगाला तेलं चोळून पाहिली, खिडक्यांना पडदे लावून पाहिले, विजेची रॅकेट फिरवून फिरवून खांदा दुखवून घेतला. डास काही बधले नाहीत. मास्तर आणि गोटी मात्र "डास होता रे," असं म्हणत एकमेकांना सणसणीत चापट्या हाणून घ्यायचे. त्यांना तेवढंच सुख होतं.

काका बस डेपोत गाड्यांचं वेळापत्रक बघायचे, त्यामुळे घरातही त्यांना प्रत्येक गोष्ट ओळीने लागायची. आधी परसात धूर, मग मागच्या घड्याळांच्या खोलीत धूर. त्या खोलीच्या उंच खिडकीतली एक काच कित्येक वर्षांपासून नव्हती आणि डास तिथूनच येतात, असं काकांचं ठाम मत होतं. म्हणून धूर झाल्याबरोबर तिथे जाळी ठोकायची, की विषय संपला.

"पण ती तर कात्रीबाईची वाट आहे!" ठिणगी ताडकन म्हणाली.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा ताटातला घास नुसताच चिवडत होते.

"ठोकू दे जाळी," ते हळूच म्हणाले. "आता यायची नाही गं ती. जिच्याकडे यायची, तीच राहिली नाही."

कात्रीबाई म्हणजे एक पाकोळी. तिच्या शेपटीची दोन टोकं कात्रीच्या पात्यांसारखी होती आणि त्यातलं डावं पातं आखूड होतं. म्हणून आजीने तिचं हे नाव ठेवलं होतं. दर उन्हाळ्यात ती कुठून तरी लांबून यायची, त्या बिनकाचेच्या खिडकीतून आत शिरायची आणि तुळईवरचं आपलं जुनं मातीचं घरटं लिंपून पुन्हा संसार थाटायची. ती दिसली की आजी परसातून हाक मारायची, "आली हो!" मग आबा, जे जन्मभर घड्याळजी होते, खोलीतल्या सगळ्या गजरांच्या घड्याळांना एकदम सुरू करायचे. टणटण, किणकिण, कर्रर्र! असा काही गलका उठायचा की शेजारी भिंतीवरून डोकावायचे. मुलांना विचाराल, तर सुट्टी गाडीतून उतरल्यावर लागायची नाही. त्या गलक्याने लागायची.

ही मागच्या वर्षीचीच पाकोळी कशावरून, असं कुणी ना कुणी दरवर्षी विचारायचंच. आजी म्हणायची, "शेपूट कशाला बघायला हवं? ओळखीचं माणूस पायरीवर पाऊल टाकतानाच कळतं." आणि कात्रीबाईची खोडही तशीच होती. आत आली तरी थेट घरट्याकडे जायची नाही. आधी दिव्याच्या वायरीवर बसायची, तीही भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून. आजी म्हणायची, "रुसलीय. एवढ्या लांबून आले आणि कुणी साधं पाणी विचारत नाही, म्हणते."

मागच्या सुट्टीनंतर काही महिन्यांनी आजी गेली. जाण्याआधी तिने आबांना एकच गोष्ट सांगितली होती, "पाखरांचं पाणी तेवढं चुकवू नका." आबांनी ते एक दिवसही चुकवलं नव्हतं. तुतीच्या झाडाखाली, कुंपणाच्या कठड्यावर, नळाजवळ मातीचे पसरट परळ मांडलेले होते आणि मधोमध एक टवके उडालेलं मोठं घमेलं. रोज संध्याकाळी आबा झारी घेऊन निघायचे आणि प्रत्येक भांडं काठोकाठ भरायचे. गुडघे कुरकुरायचे, तरी दुसऱ्या कुणाला झारीला हात लावू द्यायचे नाहीत. पण आपलं दुरुस्तीचं टेबल मात्र त्यांनी घड्याळांच्या खोलीतून उचलून पुढच्या व्हरांड्यात नेलं होतं. त्या खोलीत त्यांना बसवेना.

आणि यंदा गजर वाजलेच नव्हते.

आबा भांडले असते, काकांवर ओरडले असते, तर ठिणगीला चाललं असतं. पण ते "ठोकू दे" तिला सहन होईना. जेवणं झाल्यावर तिने दोघांना जिन्याखाली बोलावून फर्मान काढलं. रविवारच्या आत कात्रीबाईला शोधायचं आणि आबांना दाखवायचं. मास्तरने लगेच चूक काढली, की जी आलीच नाही तिला शोधणार कशी? ठिणगीने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने चूक परत घेतली.

शनिवारी सकाळी तिघं घड्याळांच्या खोलीत दबा धरून बसली. भिंतीवर जुनी घड्याळं टांगलेली, फळ्यांवर गजरांची घड्याळं ओळीने मांडलेली. कुणालाच चावी दिलेली नसल्यामुळे खोलीत टिकटिक म्हणून नव्हती. त्या शांततेत डासांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. गोटीने स्वतःला चादरीत गुंडाळून घेतलं आणि श्वासापुरतं नाक बाहेर ठेवलं. पहिला डास त्या नाकावरच बसला.

गोटी नाक चोळत होता, एवढ्यात खिडकीतून काहीतरी सुर्रकन आत आलं. खोलीभर एक गिरकी झाली. निळसर काळी पाठ, चिमुकली चोच आणि शेपटीचं डावं पातं आखूड!

"शेपटीवरून काही सिद्ध होत नाही," मास्तर कुजबुजला. "पिसं झडतात आणि नवी येतात. दुसरीही असेल एखादी..."

तेवढ्यात पाकोळी दिव्याच्या वायरीवर बसली. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि तिघांकडे साफ पाठ फिरवली.

मास्तरने वाक्य अर्धवटच सोडलं. मग म्हणाला, "तीच आहे." त्याचा आवाज जरा कापरा झाला होता, पण ठिणगीने त्यावरून त्याला चिडवलं नाही. तिचंही तसंच झालं होतं. वर्षभरात हे घर आधी होतं तसं राहिलेलं नव्हतं, आणि हे एक चिमूटभर पाखरू मात्र जसंच्या तसं परत आलं होतं.

गोटी चादरीसकट आबांना बोलवायला धावला. ठिणगीने त्याची चादर मागून धरली. कारण कात्रीबाई आता घरट्यावर बसली होती आणि तिथलं सगळं काही ठीक नव्हतं. घरट्याचा पुढचा अर्धा भाग केव्हाच ढासळला होता. तिने चोचीतली मातीची गोळी काठावर ठेवली आणि दाबली. गोळी भुरभुरली आणि खाली पडली. जमिनीवर तशा चुऱ्याचा एक ढीगच होता. म्हणजे ती कालपरवा आलेली नव्हती. कितीतरी दिवस ती बिचारी इथे खपत होती, आणि या खोलीत कुणी फिरकतच नव्हतं म्हणून घरात कुणाला पत्ता नव्हता. दोनदा हेलपाटा घालून ती पुन्हा खिडकीतून निघून गेली.

"आबांना आत्ता दाखवली आणि उद्या ती कंटाळून निघून गेली, तर?" ठिणगी म्हणाली. "तर ते आणखी वाईट. आधी तिचं काय अडलंय ते बघू."

मग जी काही धावपळ झाली ती विचारू नका. गोटीला तुतीच्या शेंड्यावर चढवलं, मास्तर सायकलवर टांग मारून गल्लीच्या टोकाला उभा राहिला आणि ठिणगी मधल्या भिंतीवर. कात्रीबाई दिसली की गोटीने ओरडायचं, ठिणगीने हात करायचा आणि मास्तरने पॅडल मारायचं. पहिल्या फेरीला मास्तर एका कबुतरामागे लागला. दुसऱ्या फेरीला तो दूधवाल्याच्या सायकलवर आदळता आदळता वाचला आणि दूधवाल्याने त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तिसऱ्या फेरीला मात्र माग लागला. दोन गल्ल्या ओलांडून, शिंप्याच्या दुकानावरून, कात्रीबाई मोटारी धुण्याच्या आवारात उतरली.

ठिणगी आणि गोटीही धावत तिथे पोहोचली. तिथे डबकी होती. कात्रीबाई एका डबक्याच्या काठावर बसून चोचीने चिखल उचलत होती. मास्तरने तोच चिखल दोन बोटांत घेऊन चोळला. नुसती वाळू आणि साबण! कितीही दाबला तरी गोळी होईना. आणि तोही संपत आला होता, कारण आवाराच्या दुसऱ्या टोकाने माणसं सिमेंट पसरत येत होती. गाड्या धुणारा खुशीत होता. उद्यापासून इथे चिखलाचं नाव राहणार नाही, असं त्याने मुलांना अभिमानाने सांगितलं.

मुलं हिरमुसून घरी आली आणि परसातल्या धुण्याच्या दगडावर बसली. दरवर्षी हिला चांगली चिकण माती कुठे मिळत होती? कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना ठिणगीने सहज विचारलं. काकू म्हणाल्या, लांब कशाला जायची? इथेच तर उतरायची, या नळामागच्या कोपऱ्यात. केवढी ती रबरब असायची तिथे! काकू स्वतः दोनदा घसरून पडल्या होत्या. यंदा कसं कोरडं ठणठणीत आहे, म्हणून त्या खुशीत होत्या.

तिघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. जमिनीला भेगा पडल्या होत्या. नळ गळत नव्हता आणि काकू म्हणाल्या, तो आधीही कधी गळत नव्हता. मग तिथे पाणी यायचं कुठून?

दुपारी सगळे आडवे झाले. ठिणगीला झोप येईना. डोळे मिटून ती मागच्या सुट्ट्या आठवत पडली. परसाकडच्या खिडकीखाली तिची गादी असायची. पहाटे अर्धवट झोपेत काय ऐकू यायचं? आधी आजीच्या सपातांची फटफट. मग खर्रर्र, खर्रर्र, काहीतरी घासल्याचा आवाज. मग सळ्ळकन पाणी ओतल्याचा. मग पुन्हा खर्रर्र. तो आवाज आला की ठिणगी कूस बदलायची आणि पुन्हा झोपायची, कारण आजी उठलीय म्हटल्यावर जगात काळजीचं काही उरायचंच नाही. यंदा तो आवाज नव्हता. म्हणूनच की काय, तिला रोज फार लवकर जाग येत होती.

ती ताडकन उठून बसली.

काकूंना तिने झोपेतून हलवून विचारलं, की आजी पहाटे काय घासायची? काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "भांडी घासायच्या गं स्वतःची. मला कधी हात लावू दिला नाही." आणि पुन्हा घोरू लागल्या.

स्वतःची भांडी! म्हणजे पाखरांच्या पाण्याची! ठिणगी परसात धावली. घमेल्यातलं पाणी वरून स्वच्छ दिसत होतं. तिने व्हरांड्यातून आबांचं भिंग आणलं, घड्याळजी लोक एका डोळ्याला लावतात ते, आणि वाकून पाहिलं. पाण्यात बारीक केसांसारखे जीव वळवळत होते. डोकी खाली, शेपट्या वर. एक दोन नव्हे, नुसती जत्रा भरली होती. परळांमध्येही तेच. तिने दोघांना उठवून आणलं. मास्तरने भिंग लावलं आणि पहिल्यांदाच कुणाचीही चूक न काढता सांगितलं, "या डासांच्या अळ्या आहेत."

मग सगळी गोष्ट तिघांच्या डोक्यात एकदमच बसली. आजी रोज पहाटे सगळी भांडी त्या कोपऱ्यात उपडी करायची, घासायची आणि ताजं पाणी भरायची. त्या ओतलेल्या पाण्याचा चिखल व्हायचा आणि त्या चिखलाने कात्रीबाई घर लिंपायची. आबा रात्री उशिरापर्यंत घड्याळं दुरुस्त करत बसणारे. ऊन वर आल्याशिवाय ते कधी उठले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी आजीला संध्याकाळी पाण्याची भर घालताना पाहिलं होतं, पहाटे ओतताना नाही. म्हणून ते फक्त भरत राहिले. शिळ्या पाण्यावर ताजं, रोज, न चुकता. घरातले डास दुसरीकडून कुठून येतच नव्हते. ते आबांच्या झारीवर पोसले जात होते.

"चला, आबांना सांगू!" गोटी म्हणाला.

"खबरदार!" ठिणगीचे डोळे भरून आले होते, म्हणून ती आणखीच रागावली. "आजीने सांगितलेली तेवढी एक गोष्ट ते जिवापाड करतात. ती चुकली असं त्यांना सांगणार तू?"

गोटीने मान खाली घातली. शेवटी ठरलं, की पहाटे उठून गुपचूप सगळी भांडी घासायची आणि कोपऱ्यात चिखल करायचा. आबांना कळूच द्यायचं नाही.

पहाटे ठिणगीच्या उशीत, दोन टॉवेलांत गुंडाळलेलं गजराचं घड्याळ गुरगुरलं. तिघं पाय न वाजवता परसात गेली. नारळाच्या काथ्याने ठिणगी परळ घासू लागली, मास्तर पाणी कोपऱ्यात ओतू लागला आणि गोटी नळावरून परळ भरू लागला. खर्रर्र. सळ्ळ. खर्रर्र. काम गुपचूप करायचं होतं खरं, पण घासण्याचा आवाज काही गुपचूप होत नाही, हे तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

परसाचं दार उघडलं. आबा उभे होते. अनवाणी, चष्मा नाही, एक हात चौकटीवर.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

ठिणगीच्या हातातला काथ्या खाली पडला. आबा अंधुक उजेडात तिच्याकडे बघत राहिले, आणि ते कुणाला शोधत होते हे तिला समजलं. "मी आहे आबा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आम्ही आहोत."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सगळं सांगितलं. मोठं घमेलं अजून उपडं केलेलं नव्हतं. आबांनी आत जाऊन भिंग आणलं, घमेल्यावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. केसाएवढी स्प्रिंग वाकडी आहे की सरळ हे जन्मभर बघणारा माणूस तो. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मी डासांना पाणी पाजत होतो," ते म्हणाले. मग धुण्याच्या दगडावर टेकले. "हा आवाज मलाही झोपेत यायचा रे. इतकी वर्षं. मला वाटायचं, असेल काहीतरी तिचं काम. एकदा उठून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

शेवटी गोटी पुढे झाला आणि त्याने काथ्याचा एक तुकडा आबांच्या हातात दिला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि परळ घासायला घेतला.

उजाडेपर्यंत कोपऱ्यात झकास रबरब झाली. घमेलं मात्र आबांनी काकांना दाखवायला तसंच ठेवायला सांगितलं. फक्त कात्रीबाईचा पत्ता नव्हता. आणि आठच्या ठोक्याला फाटक वाजलं. खांद्यावर यंत्र घेऊन धूरवाला हजर! मागोमाग काका आले. एका हातात जाळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात हातोडी.

ठिणगीने डासांचं सगळं सांगायला सुरुवात केली. पण काका घड्याळाकडे बघत होते. चर्चा आठनंतर, आठला धूर, असं त्यांनी तिला बजावलं. ठिणगी रागाने पेटणार, तोच मास्तर पुढे झाला.

"बाबा, एक चूक होतेय," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "धुरात तेल असतं. ते घड्याळांच्या चाकांवर बसलं तर आबांचं एकही घड्याळ पुन्हा चालणार नाही."

काकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. मग काय, आधी घड्याळं बाहेर काढणं आलं. मुलांनी ती काढली खरी, पण कशी! एका वेळी एक, दोन्ही हातांनी धरून, काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तशी. अर्ध्या वाटेत आबा थांबवायचे. ते नाही, आधी पलीकडचं. त्याला आडवं धरू नका. लंबक बांधला का? नाही बांधला? मग परत न्या. धूरवाला पायरीवर बसला, मग भिंतीला टेकला, मग त्याला डुलकी लागली. काकांच्या वेळापत्रकाचे तीनतेरा वाजले. ठिणगीने पाहिलं, व्हरांड्यात आलेल्या प्रत्येक गजराच्या घड्याळाला आबा हळूच चावी देत होते. तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटचं घड्याळ बाहेर आलं. काकांनी हातोडी उचलली. ठिणगीने आकाशाकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी भिंतीवरून काहीतरी सुर्रकन आलं.

कात्रीबाईने परसावर एक फेरी मारली, दुसरी मारली आणि कोपऱ्यात उतरली. ऐटीत चालत ती चिखलापर्यंत गेली. थबकली. मग चोच खुपसून तिने एक मोठी गोळी उचलली आणि काकांच्या हातोडीवरून थेट खिडकीत शिरली. सगळे दारात जमा झाले. ती वायरीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. मग घरट्यावर गेली आणि गोळी दाबली. गोळी चिकटून राहिली.

हाक कुणी मारायची? ठिणगीने आबांकडे पाहिलं.

"आली हो!" आबा ओरडले. त्यांचा आवाज मध्येच चिरला, तरी परसाच्या टोकापर्यंत पोहोचला. ते भरभर व्हरांड्यात गेले आणि एकेका घड्याळाची कळ दाबत सुटले. टणटण! किणकिण! कर्रर्र! धूरवाला दचकून उठला आणि यंत्रासकट पायरीवरून घसरला. शेजारी भिंतीवरून डोकावले. काकू पोळपाट तसाच टाकून धावत आल्या आणि डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. काकांचा हातोडीचा हात केव्हाच खाली आला होता. लहानपणापासून ते हा गलका ऐकत आले होते.

गजर थांबल्यावर आबांनी काकांच्या हातात भिंग दिलं आणि घमेल्याकडे बोट केलं. चूक त्यांनी आपल्या तोंडाने सांगितली, मुलांनी ती कशी शोधली तेही सांगितलं. काका घमेल्यावरून उठले ते कान चोळत. "मी नुसती वेळ ठरवली," ते म्हणाले, "डास कुठून येतात ते बघितलंच नाही. शाबास रे पोरांनो! माझ्या डेपोत तुमच्यासारखी तीन माणसं असती, तर एकही गाडी उशिरा सुटली नसती." धूरवाल्याची चहा पाजून बोळवण झाली, आणि जाळी झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागली.

आबांनी आपलं टेबल परत घड्याळांच्या खोलीत मांडलं. मग तिघांना जवळ घेतलं. "तुमची आजी पाखरं ओळखायची," ते म्हणाले. "तुम्ही तर तिलाच ओळखलंत. मला इतक्या वर्षांत नाही जमलं ते." गोटीने मग आईस्क्रीमचा विषय काढला आणि तो ताबडतोब मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठिणगीला अर्धवट जाग आली. बाहेर अजून धूसर होतं. परसात सपाता फटफटत गेल्या. जरा जड, जरा अडखळत. मग आवाज आला, खर्रर्र, खर्रर्र. मग सळ्ळ.

ठिणगीने कूस बदलली आणि पुन्हा झोपली.